कडेचा उजेड

"जरा उन्हाकडं पाठ करा."

रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की ते आधी हे म्हणायचे आणि मग खुशाली विचारायचे. समोरचा वळला नाही तर स्वतःच त्याच्याभोवती अर्धा फेरा मारायचे, ऊन त्याच्या पाठीशी येईल अशा जागी थांबायचे आणि कपाळावर आडवा हात धरून त्याच्याकडे नीट बघायचे. ज्याला ही सवय ठाऊक नसे तो गोंधळून जाई. दौंडच्या बाजारात एकदा एका पोलिसानं त्यांना दरडावून विचारलं होतं, "काय बघतो रे?" त्यावर ते म्हणाले होते, "साहेब, तुमचं कान उन्हात लई छान दिसत्यात."

तुम्हीही कधी ना कधी फोटोसाठी उभे राहिला असाल. फोटोवाल्यानं तुम्हाला काय सांगितलं होतं ते आठवून बघा. उन्हाकडे तोंड करा. सगळे हेच सांगतात. मीही जन्मभर हेच सांगत आलो. शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा स्टुडिओ होता. ज्यांच्याबद्दल लिहितोय ते दौंडचे. त्यांचं नाव राहू द्या. दौंडात त्यांना सगळे शेडवाले म्हणत, कारण ते रेल्वेच्या इंजिन-शेडमध्ये कामाला होते. ड्यूटी संपली की स्टेशनाजवळच्या एका खोलीत दोन-तीन तास फोटो काढायचे. मी दिवसभराचा फोटोवाला, ते दोन-तीन तासांचे. तरी नाव त्यांचं होतं.

आधीच सांगून टाकतो. मला त्या माणसाचा हेवा वाटायचा, आणि तो थोडाथोडका नव्हता.

माझं काम वाईट होतं असं नाही. मागं रंगवलेला पडदा होता, त्यावर तळं आणि दोन बदकं. समोर पाचशे वॅटचे दोन दिवे. येणाऱ्याला मी पावडर लावायचो, दिवे तोंडावर सोडायचो आणि "हलू नका" म्हणायचो. फोटोत माणूस एक-दोन छटा गोरा यायचा. लोकांना तेच हवं असायचं. आमचे आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेले, वडलांनी शेती धरली, आणि मी पहिल्यांदाच सावलीत बसून पोट भरू लागलो होतो. गावात मला मान होता. मी त्यावर समाधानी होतो, लग्न ठरेपर्यंत.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी दौंडचं स्थळ आलं. मुलीचे वडील मार्केट यार्डात कारकून, आमच्याच जातीचे. मध्यस्थानं पाकीट आणून वडलांच्या हातात दिलं, वडलांनी ते न उघडता माझ्याकडे दिलं. "तू फोटोवाला. तूच बघ."

मी फोटो बाहेर काढला आणि मुलीकडे बघायच्या आधी उजेडाकडे बघितलं. खोटं कशाला सांगू. उजेड मुलीच्या मागून आला होता. केसांच्या कडेनं, कानाच्या पाळीवरून, खांद्यावरच्या पदरावरून एक बारीक पांढरी रेघ उतरत गेली होती, आणि चेहरा त्या रेघेच्या आत सावलीत होता. अर्धा दिसत होता, अर्धा अंधारात. तरी ती मुलगी थेट माझ्याकडे बघत होती. सावळी होती आणि सावळीच दिसत होती. कुणी पावडर फासली नव्हती. मी तो फोटो किती वेळ धरून बसलो कुणास ठाऊक. वडील म्हणाले, "काय रं, पसंत हाय का?"

मी फोटो उलटा केला. मागं जांभळ्या शाईचा शिक्का होता, दौंडच्या स्टुडिओचा. मी म्हणालो, "पसंत आहे."

सुमन, म्हणजे माझी बायको, पुढं मला नेहमी विचारायची, "तुम्ही तवा मला पसंत केलं का शेडवाल्या काकांना?" ती हसत विचारायची आणि मीही हसायचो.

तो फोटो आमच्या घरात चौकटीत लागला. आल्यागेल्याची नजर त्यावर जायची. "बायकोचा फोटो झकास काढलाय तुम्ही," असं पाहुणे म्हणायचे. पहिली एक-दोन वर्षं मी सांगायचो, माझा नाही, दौंडचा आहे. पुढं पुढं मी फक्त मान हलवू लागलो. वडलांनी एकदा विचारलं, "कुणाचा रं त्यो फोटोवाला?" मी त्यांना शेडवाल्यांची वस्ती सांगितली, निमोण्याचं बौद्ध घराणं आहे म्हणून सांगितलं. वडील काही बोलले नाहीत. त्यांच्या त्या गप्प बसण्यानं मला बरं वाटलं. आज लिहिताना तेच बरं वाटणं बोचतं, पण ते वाटलं होतं हे खरं.

हळूहळू गिऱ्हाइकंही बोलू लागली. तळेगाव ढमढेऱ्याचे एक बागायतदार मुलाला घेऊन आले. खिशातून एक फोटो काढून माझ्यापुढं ठेवला. "असला काढा. कडंनं उजेड आलेला. न्हाईतर आम्ही दौंडाला जातो." फोटोत कुणीतरी म्हातारा होता, पटक्याच्या काठावर उजेडाची रेघ. मिशांचे केस मोजून घ्यावेत असे. शिक्का तोच.

मी म्हणालो, "त्यात काय आहे? परवा या."

आणि त्या परवापासून माझे हाल सुरू झाले. एक दिवा उचलून स्टुलाच्या मागं ठेवला, सुमनला पुढं बसवलं. पहिल्या फोटोत दिव्याचा उजेड थेट भिंगात शिरला आणि सगळा फोटो धुरकट झाला. दुसऱ्यात दिवा तिच्या डोक्याआड लपवला, तर रेघ आली, पण चेहरा कोळशासारखा काळा. तिसऱ्यात चेहरा दिसावा म्हणून समोरूनही दिवा लावला, तर रेघच गेली. चौथ्या वेळी दिवा इतका जवळ नेला की पदराला जळका वास यायला लागला. सुमन उठून उभी राहिली. पदर चाचपत म्हणाली, "तुम्ही माझ्याकडं बघतच न्हाई. समदा येळ त्या दिव्याकडं."

"दिवा नीट बसला की तुझ्याकडेच बघणार आहे."

"काका दिव्याकडं बघत नव्हते," ती म्हणाली आणि आत गेली.

बागायतदारांचा मुलगा दौंडला गेला. मला ते कळलं तेव्हा मी एका लहान मुलाचा फोटो काढत होतो. मी त्या मुलावर विनाकारण ओरडलो.

शेवटी मी ठरवलं की आपणच गिऱ्हाईक होऊन जायचं. सासुरवाडीला जायचं निमित्त होतंच. न्हावऱ्यावरून जाणारी एसटी धरली आणि दुपारी दौंडला उतरलो. स्टेशनाजवळ विचारत विचारत खोली सापडली. बाहेर चार-पाच माणसं बसली होती. एक म्हातारी होती, सैन्यात भरती झालेला एक मुलगा होता आणि एक तान्हं बाळ घेतलेली बाई. माझ्या स्टुडिओबाहेर कधी रांग लागली नव्हती.

चारच्या सुमारास ते आले. निळे, तेलानं डागाळलेले कपडे, खांद्यावर टॉवेल, ठेंगणे, रुंद, चाळिशी ओलांडलेले. हातपाय धुऊन पांढरा सदरा घातला आणि एकेकाला आत घेऊ लागले. माझी पाळी आली तेव्हा मी टोपी काढून हातात घेतली आणि नोकरीसाठी फोटो हवाय असं काहीतरी बोललो. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. माझी बोटं नखांपाशी तपकिरी झालेली होती. फोटो धुणाऱ्याची बोटं तशीच होतात आणि ती कितीही घासली तरी जात नाहीत. त्यांनी आपला हात माझ्या हाताशेजारी धरला. तसलीच बोटं.

"कुठलं पाव्हणं?"

"शिरूरचा."

"म्हंजी आमच्या सुमनचे मालक," ते म्हणाले. "मग असं चोरावानी का आलात? या की."

मला वाटलं होतं की ते दार लावून घेतील, दिवा झाकतील. त्यांनी सगळं उघडून दाखवलं. एकच दिवा होता. त्याच्या मागं इंजिनाच्या पुढच्या बत्तीतली जुनी, खोलगट, चकचकीत वाटी बसवलेली होती. भंगारातून विकत घेतली होती, पुण्याला. ती दिव्याचा उजेड गोळा करून एका दिशेनं सोडायची. दिवा माणसाच्या मागं, वर आणि थोडा एका बाजूला. भिंगावर पुठ्ठ्याची नळी, म्हणजे उजेड आत शिरणार नाही. आणि कॅमेऱ्याच्या शेजारी दोरीवर एक पांढरं धोतर वाळत घातल्यासारखं.

"हे धोतर कशाला?"

"मागचा उजेड जाऊन त्याच्यावर आपटतो आन् माघारी तोंडावर येतो. मऊ होऊन येतो. तोंडावर दुसरा दिवा न्हाई लागत."

"हे तुम्हाला सुचलं कसं?"

ते हसले. "सुचलं कुठलं. एकच दिवा व्हता. समोर ठिवला की लोक डोळं मिटायची. म्हणून मागं ठिवला."

मला ते उत्तर मुळीच आवडलं नाही. मी इतकी वर्षं ज्याच्यापायी जळत होतो ते असं, दुसरा दिवा नव्हता म्हणून झालेलं असावं, हे मला सहन होईना. काही गुपित असतं तर मी ते चोरलं असतं आणि मोकळा झालो असतो.

त्यांनी मला स्टुलावर बसवलं. आधी दिव्याकडे तोंड करून. "बघा त्याच्याकडं मिनिटभर." मग म्हणाले, "आता वळा." त्या झगझगाटातून सावलीकडे वळल्यावर डोळ्यांना एकदम आराम वाटला, कपाळावरच्या आठ्या आपोआप गेल्या. ते कॅमेऱ्यापाशी उभे होते पण कॅमेऱ्यात बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. "सुमन बरी हाय ना?" त्यांनी विचारलं. "लई हट्टी पोर. तिला बोलू देता ना घरात?" मी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि खटका पडला.

जाताना त्यांनी मला तसलीच एक दुसरी वाटी दिली. कागदात गुंडाळून, सुतळीनं बांधून. "दोन घेतल्या व्हत्या. मला एक बास हाय." मी नको म्हणायला हवं होतं. मी ती घेतली, आणि एसटीत मांडीवर धरून बसलो असताना मला त्यांचा राग आला. इतकं देऊन टाकणारा माणूस मला नको होता.

आठ दिवसांनी माझा फोटो पोस्टानं आला. कडेची रेघ सुरेख होती, त्यावर मी बोललोच नाही. पण आत जो माणूस बसला होता तो दुसऱ्याच्या घरात शिरून काहीतरी शोधत असल्यासारखा दिसत होता. सुमन म्हणाली, "अगदी तुमच्यासारखा आलाय." मी तो ट्रंकेच्या तळाशी टाकला.

आता माझ्याकडे वाटी होती, पुठ्ठ्याची नळी होती, धोतर होतं. मी मोजून मापून सगळं तस्संच मांडलं. रेघ आली. चेहराही सावलीत मऊ दिसू लागला. लोक फोटो घेऊन जात, पैसेही देत, पण उंबऱ्यात थांबून पुन्हा एकदा फोटो बघत आणि म्हणत, "चांगलाय. पण दौंडचा येगळाच असतो." काय वेगळं, ते कुणाला सांगता येत नव्हतं. मला दिसत होतं. माझ्या फोटोंत उजेड होता आणि त्याच्या आत कुणीही बसलेलं चाललं असतं.

मग मी जे केलं ते सांगतो.

घरातला सुमनचा फोटो चौकटीतून काढला, भिंतीला टेकवून त्याचा कॅमेऱ्यानं फोटो घेतला आणि त्याची मोठी प्रत बनवली. शेडवाल्यांनी चेहऱ्याचा एक भाग फारच काळा ठेवलाय असं मला वाटायचं. गिऱ्हाइकाला बायकोचा चेहरा नीट दिसावा म्हणून मी प्रत थोडी उजळ छापली. उजळल्यावर डोळ्याखाली एक पुसट डाग वर आला. मूळ कागदाला बुरशी लागली असेल असं समजून मी तो पेन्सिलीनं भरून टाकला. खाली कोपऱ्यात माझ्या स्टुडिओचं नाव छापलं आणि प्रत शोकेसमध्ये, रस्त्यावरून दिसेल अशी, मधोमध लावली.

सुमननं ती संध्याकाळी बघितली. बराच वेळ काचेसमोर उभी राहिली. मग आत येऊन म्हणाली, "खाली नाव चुकलंय."

"धंद्यात असं करावं लागतं."

त्या दिवसापासून ती दुकानात यायची तेव्हा मागच्या दारानं येऊ लागली.

फोटोनं काम केलं. लोक थांबून बघत, आत येत. "हा तुम्ही काढला?" "व्हय." दोन-तीनदा जड गेलं. पुढं तो होकार इतका सहज येऊ लागला की कधी कधी मला खरंच वाटायचं, मीच काढलाय. जणू मला आठवतोय तो दिवस, ती स्टुलावर बसली होती, मी म्हणालो वळ. असं जवळजवळ वर्षभर चाललं.

एका बाजाराच्या दिवशी, दुपारी, मी डार्करूममध्ये फोटो छापत होतो. डार्करूम म्हणजे स्टुडिओचाच एक कोपरा, फळ्यांनी अडवलेला, दाराला काळं कापड. बाहेर टेबलाशी सुमन बसली होती. कापडाच्या फटीतून मला शोकेस आणि त्यापलीकडचा रस्ता दिसायचा. मी सहज बाहेर बघितलं आणि काचेपलीकडे मला पांढरा सदरा दिसला. ठेंगणा, रुंद माणूस, कपाळावर आडवा हात, काचेवरची चमक टाळण्यासाठी मान वाकडी केलेली. ते फोटो बघत होते. वरपासून खालपर्यंत. खालच्या कोपऱ्यापर्यंत.

मी फट बंद केली आणि लाल दिव्यात उभा राहिलो.

ते आत आल्याचं मला चपलांवरून कळलं. सुमन उठली, खुर्ची सरकली. "काका, तुम्ही हितं?"

"निमोण्याला बहिणीकडं चाललोय. म्हणलं वाटंत पोरीला भेटावं. जरा उन्हाकडं पाठ कर बघू. व्हय, हाय तश्शीच हायेस."

सुमननं पाणी दिलं, चहाला पाठवते म्हणाली. ते नको म्हणाले, गाडीची वेळ होत आली होती.

"काका," सुमन म्हणाली, "त्यो बाहेरचा फोटो तुमचाच हाय."

"ठावं हाय की."

"खालचं नाव..."

"असू दे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी बाहेर आलो असतो, भांडलो असतो, काहीतरी केलं असतं. "माझी बदली झालीय बघ. लांब, पार वर उत्तरेकडं, हिंदुस्तानात. शेडात कोळशाची इंजिनं कमी व्हायला लागली, मानसं हलवत्यात. खोली रिकामी करतोय. म्हणलं, निगेटिव्हा ज्याच्या त्याला देऊन टाकाव्या. दुसऱ्याची तोंडं मी कुठं घेऊन फिरू?"

कागदाचा आवाज झाला. त्यांनी पिशवीतून काहीतरी काढलं असावं.

"ही तुझी. मालकांना सांग, कॉपीवरनं काढू नका, हिच्यावरनं काढा. आन् तोंडाचं काळं तेवढं उजळ करू नका म्हणावं. काळं हाय तितकं ठिवा."

"सांगते."

"हायेत कुठं ते?"

मी डार्करूममध्ये, त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो. सुमन म्हणाली, "बाहेर गेल्यात."

तिनं माझ्यासाठी खोटं बोलावं अशी माझी लायकी नव्हती. चपला वाजल्या, लांब गेल्या. माझ्यासमोरच्या ताटलीत एक फोटो पडला होता, कुणा नवरा-बायकोचा. तो मी वेळेवर काढायचा विसरलो होतो. औषधात पडून पडून तो पार काळा झाला. दोघंही त्यात बुडून गेले.

मी बाहेर आलो तेव्हा सुमन टेबलाशी बसली होती. तिनं पाकीट माझ्यापुढं सरकवलं आणि मागच्या दारानं घरी गेली. मी शोकेस उघडली, प्रत काढली, फाडली. मग दुकानाचं दार लावून निगेटिव्ह घेऊन डार्करूममध्ये गेलो.

पहिला फोटो मी सरळ छापला, त्यांनी सांगितल्यापेक्षा कमी काळा. मुद्दामच. त्या काळ्यात काय आहे ते मला बघायचं होतं. कागद औषधात टाकला. आधी केसांची बाजू आली, मग पदर, मग सावकाश चेहरा. आणि डोळ्याखाली, सावलीतल्या गालावर, ती खूण आली जी मी बुरशी समजून पेन्सिलीनं भरली होती. बुरशी नव्हती. पाण्याची ओली रेघ होती, डोळ्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आलेली. सुमन रडत होती. नुकतीच रडून थांबली होती. शेडवाल्यांनी फोटो छापताना तेवढा गाल जास्त वेळ उजेडाखाली धरून काळा करून टाकला होता, कुणाला दिसू नये म्हणून. ज्या अंधारापायी मी पदर जाळायला निघालो होतो, तो त्यांनी तिच्यावर पांघरूण घातल्यासारखा घातला होता.

घरी गेलो. सुमन भाकऱ्या करत होती. मी तो ओला फोटो तिच्यापुढं धरला. तिनं एकदा बघितलं आणि परातीकडे वळली.

"तुझ्या डोळ्यात पाणी होतं."

"व्हय."

तव्यावरची भाकरी उलटून ती सांगू लागली. त्याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. मुलगी काळी आहे म्हणून. तिसऱ्या वेळी मावशीनं तोंडाला पावडर थापून तिला स्टुडिओत नेलं. शेडवाल्यांनी मावशीला बाहेर बसवलं. सुमनला पाणी दिलं आणि म्हणाले, तोंड धुऊन ये. ती धुऊन आली आणि स्टुलावर बसल्या बसल्या रडू लागली. त्यांनी कॅमेऱ्याला हातही लावला नाही. म्हणाले, रड आधी, मला घाई न्हाई. ती दिव्याकडे तोंड करून रडली. मग त्यांनी विचारलं, फोटो कुणासाठी काढायचा? ती म्हणाली, लोकांना दाखवायला. ते म्हणाले, लोकांचं ऱ्हाऊ दे. तुला बघायचं असंल तर वळ.

"मग मी वळले," सुमन म्हणाली.

मी चुलीपाशी बसून होतो. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर त्या लाजेच्या खाली अजूनही तेच होतं, जुनं. माझ्या बायकोच्या आयुष्यातला तो एक क्षण दुसऱ्या माणसानं पाहिला होता, नीट जपला होता, आणि त्याबद्दल कधी कुणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं. मी तिच्याबरोबर सहा-सात वर्षं राहिलो होतो. मला तो डाग वाटला होता.

दौंडला जायचं मी दुसऱ्याच दिवशी ठरवलं. पण गेलो नाही. लग्नाचे दिवस होते, कामं होती, असं स्वतःला सांगत राहिलो. काय बोलायचं ते जुळत नव्हतं. पंधरा दिवस गेले. मग एका सकाळी सुमननं माझे धुतलेले कपडे समोर ठेवले आणि म्हणाली, "आज जावा."

मी गेलो. स्टेशनाजवळच्या त्या खोलीचं दार उघडंच होतं. आत शिवणयंत्राचा आवाज येत होता. एक तरुण शिंपी पायानं यंत्र चालवत होता, बाजूला कापडांचा ढीग. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, फोटोवाले गेल्या आठवड्यातच गेले, सामान एका ट्रंकेत मावलं. पत्ता त्याला ठाऊक नव्हता. शेडातही मी विचारलं. तिथल्या कारकुनानं एका गावाचं नाव सांगितलं, ते मी लिहून घेतलं आणि पुढं दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. ती पोचली की नाही, तेही मला कळलं नाही.

शेडातून परत स्टँडकडे येताना वाटेत पुन्हा ती खोली लागली. मी उगाच थांबलो. शिंप्याला वाटलं मला काही शिवायचं आहे. तो मला आत बोलवू लागला, कापड दाखवू लागला. त्याच्या यंत्राशेजारी एक मोठी खिडकी होती, तिच्यातून दुपारचं ऊन सरळ आत आलं होतं. भिंतीवर, कापडांवर, त्याच्या हातातल्या सुईवर, सगळीकडे सारखं.

"लई अंधारी व्हती ही खोली," तो म्हणाला. "त्या फोटोवाल्यांनी खिडकीला काळा कागूद चिकटवून ठिवला व्हता. आम्ही दोन दिवस खरवडत व्हतो. आता कसा उजेड आलाय बघा."

मी म्हणालो, "आलाय."